आयव्हर नोव्हेलो : ब्रिटिश मूकपटांच्या देखण्या नायकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयव्हर नोव्हेलो हे नाव बऱ्याच जणांनी संगीताच्या पुरस्कारामुळे ऐकलेलं असतं. हाच माणूस १९२०च्या दशकात ब्रिटनमधला सगळ्यात लाडका सिनेनट होता, असं सांगितलं की लोक चकित होतात आणि मग प्रश्नांवर प्रश्न येतात. त्यांतले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. त्याची नाटकं आणि गाणी हा स्वतंत्र विषय आहे. मला त्याच्या चेहऱ्याबद्दल लिहायचं आहे, कारण नाव टिकलं आणि चेहरा विसरला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आयव्हर नोव्हेलो म्हणजे नेमका कोण?

वेल्समधल्या कार्डिफ शहरात १५ जानेवारी १८९३ रोजी जन्मलेला नट, नाटककार आणि संगीतकार. १९२० ते १९३४ या काळात त्याने बाविसेक चित्रपटांत काम केलं. त्यांतले बहुतेक मूकपट. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'द लॉजर' या गाजलेल्या मूकपटाचा नायक तोच. सिनेमा सोडल्यावर त्याने लंडनच्या रंगभूमीवर स्वतः लिहिलेल्या संगीतिका गाजवल्या. गेला तोही रंगभूमीवर काम करता करताच, ६ मार्च १९५१ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी.

'नोव्हेलो' तर इटालियन नाव वाटतं. तो इटालियन होता का?

नाही, पक्का वेल्श. जन्मनाव डेव्हिड आयव्हर डेव्हिस. वडील डेव्हिड डेव्हिस कार्डिफच्या नगरपालिकेत भाडेवसुलीचं काम करायचे. आई क्लारा नोव्हेलो डेव्हिस गाणं शिकवायची आणि बायकांचं एक मोठं गायकवृंद चालवायची. क्लारा नोव्हेलो नावाची एक नामवंत गायिका होती, तिच्यावरून या आईचं नाव ठेवलेलं. मुलाने आईच्या नावातला तो मधला शब्द उचलला आणि त्याच नावाने तो जगाला माहीत झाला. कायद्याने नाव बदललं १९२७मध्ये, म्हणजे तोवर तो घराघरांत पोचलेला नट होता.

आईबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आयव्हर जन्मला त्याच वर्षी तिचं गायकवृंद शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जाऊन बक्षीस घेऊन आलं, पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरियासमोर गायलं आणि नावामागे 'रॉयल' लावायचा मान मिळवून आलं. अशा घरात पोराच्या कानावर दिवसभर काय पडत असेल! आवाज चांगला म्हणून त्याला ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेज स्कूलची शिष्यवृत्ती मिळाली आणि तिथल्या चॅपलमध्ये तो एकल गायचा. वयात येताना आवाज फुटला आणि गायकी संपली. पियानो आणि गाणी रचणं तेवढं उरलं.

गाणी रचणारा मुलगा सिनेमात कसा आला?

एका फोटोमुळे. पण त्याआधी एका गाण्यामुळे.

१९१४मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आईने टुमणं लावलं की सैनिकांसाठी नवं गाणं कर, तेच ते ऐकून लोक कंटाळलेत. त्याने चाल बांधली, लंडनमध्ये राहणाऱ्या लीना गिल्बर्ट फोर्ड या अमेरिकन कवयित्रीने शब्द लिहिले आणि 'कीप द होम फायर्स बर्निंग' हे गाणं तयार झालं. पोरं घरी येईपर्यंत चूल पेटती ठेवा, एवढाच त्याचा मथितार्थ. खंदकांपासून स्वयंपाकघरांपर्यंत ते गाणं पसरलं आणि आयव्हर एका फटक्यात श्रीमंत आणि प्रसिद्ध झाला. लीना फोर्डच्या वाट्याला काय आलं हेही इथे सांगितलंच पाहिजे : १९१८मध्ये लंडनवर झालेल्या हवाई हल्ल्यात ती आणि तिचा मुलगा दोघंही गेले.

आयव्हर स्वतः नौदलाच्या हवाई दलात भरती झाला होता. शिकताना त्याने दोन विमानं आपटली. मग त्याला टेबलावरच्या कामाला बसवलं.

युद्ध संपल्यावर लुई मर्काँतों हा फ्रेंच दिग्दर्शक सिसिलीत घडणाऱ्या एका कथेसाठी दक्षिण युरोपातला वाटेल असा तरुण शोधत होता. त्याच्या हाती आयव्हरचा फोटो पडला. काळेभोर केस, मोठे डोळे, तासल्यासारखं नाक. या मुलाने आयुष्यात कधी अभिनय केलेला नव्हता, तरी फोटो पाहूनच त्याला घेतलं. 'द कॉल ऑफ द ब्लड' हा तो १९२०चा चित्रपट.

त्याला 'ब्रिटनचा व्हॅलेंटिनो' का म्हणायचे?

रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा हॉलिवूडच्या मूकपटांचा लाडका नायक. दोघांचा काळ एक, दोघंही सावळ्या धाटणीचे देखणे आणि दोघांसाठीही बायका चित्रपटगृहाबाहेर गर्दी करायच्या. तुलना तेवढ्यापुरतीच खरी आहे. व्हॅलेंटिनो पडद्यावर बाईला उचलून नेणारा नायक होता. नोव्हेलोला पाहून वाटतं की यालाच कुणीतरी सावरायला हवं. त्याच्या जवळपास प्रत्येक चांगल्या भूमिकेत काहीतरी जखमी झालेलं, लपवलेलं असतं.

'द लॉजर'च्या आधी त्याने काय काय केलं?

बरंच. १९२३ हे एकच वर्ष पाहा. एड्रियन ब्रुनेलच्या 'द मॅन विदाउट डिझायर'मध्ये तो व्हेनिसचा सरदार झाला, प्रेयसीच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षं झोपवून ठेवलेला. जागा होतो तेव्हा शरीर तरुण असतं आणि आतली ओढ मेलेली असते. त्याच वर्षी अमेरिकेत जाऊन त्याने डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकाच्या 'द व्हाइट रोज'मध्ये लुइझियानातल्या तरुण धर्मोपदेशकाचं काम केलं. ग्रिफिथ म्हणजे तेव्हाचं केवढं मोठं नाव! पण अमेरिकेत त्याचा जम बसला नाही आणि तो परत आला.

मग आला 'द रॅट'. पॅरिसच्या गल्ल्यांतला चोर पिएर बुशेरों, ज्याला सगळे 'उंदीर' म्हणतात, ही भूमिका त्याने स्वतःच स्वतःसाठी लिहिली, कॉन्स्टन्स कोलियर या नटीबरोबर. दोघांनी मिळून डेव्हिड लेस्ट्रेंज असं टोपणनाव घेतलं होतं. आधी ती पटकथा होती. कुणी चित्रपट करेना म्हणून १९२४मध्ये तिचं नाटक केलं, ते चाललं आणि मग १९२५मध्ये ग्रॅहम कट्सने चित्रपट काढला. तो इतका चालला की पुढे दोन भाग निघाले, १९२६ आणि १९२९मध्ये. नट आपली प्रतिमा किती डोळसपणे घडवू शकतो, हे पाहायचं असेल तर हे उदाहरण घ्यावं. त्याला निर्मात्याने नायक केलं खरं, पण कसला नायक व्हायचं ते त्याने स्वतः ठरवलं.

'द लॉजर' एवढा महत्त्वाचा का मानतात?

हिचकॉक ज्यासाठी ओळखला जातो ते सगळं पहिल्यांदा इथे एकत्र आलं म्हणून. संशय, सोनेरी केसांच्या बायका, अंगावर आळ आलेला माणूस, हातकड्या, जिने. पुढे आयुष्यभर तो या गोष्टींकडे परतत राहिला. स्वतःच्या चित्रपटात क्षणभर दिसायची त्याची सवयही इथूनच सुरू झाली. सुरुवातीला वृत्तपत्राच्या कचेरीत कॅमेऱ्याकडे पाठ करून तो बसलेला आहे.

कथा मेरी बेलक लाउंडिस यांच्या १९१३च्या कादंबरीवरून घेतलेली. लंडनमध्ये धुकं दाटलंय, दर मंगळवारी एका सोनेरी केसांच्या तरुणीचा खून होतोय आणि खुनी स्वतःला 'सूड घेणारा' म्हणवतोय. अशात बंटिंग नावाच्या मध्यमवर्गीय नवरा-बायकोंच्या घरी एक भाडेकरू येतो. त्यांची मुलगी डेझी सोनेरी केसांची आहे. भाडेकरू मंगळवारी रात्री गुपचूप बाहेर पडतो.

त्याच्या येण्याचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, मोजदाद नाही. घरातला गॅसचा दिवा मंद होतो. मीटरमध्ये नाणं टाकलं की गॅस मिळायचा तो काळ. तेवढ्यात दार वाजतं. बंटिंगबाई दार उघडतात, बाहेर धुकं, आणि धुक्यात एक उंच आकृती, नाकापर्यंत मफलर गुंडाळलेली. फक्त डोळे दिसतात. तो काही बोलत नाही. हात वर करून दारावरच्या पाटीकडे बोट दाखवतो, 'खोली भाड्याने देणे आहे'. मग आत येतो आणि मफलर हळूहळू सोडतो, आणि तिथे तो चेहरा! भीती वाटावी की माया, हे आपल्याला कळत नाही. पुढचा सगळा चित्रपट याच एका गोंधळावर उभा आहे आणि तो गोंधळ नोव्हेलोच्या चेहऱ्यातून येतो.

वर खोलीत गेल्यावर भिंतीवर सोनेरी केसांच्या बायकांची चित्रं दिसतात. तो ती एकेक करून भिंतीकडे उलटी फिरवतो. पुढे तो खोलीत येरझाऱ्या घालतो तेव्हा खाली बसलेल्या घरच्यांना झुंबर हलताना दिसतं, आणि मग छतच पारदर्शक होऊन त्याचे चालणारे पाय खालून दिसतात. यासाठी जाड काचेची फरशी बनवून तिच्यावर नोव्हेलोला चालवलं होतं. मूकपटात पावलांचा आवाज ऐकवता येत नाही, म्हणून आवाज दाखवला. आणि त्याहून साधा एक क्षण : वरून दिसणारा जिना, आणि कठड्यावरून गोल गोल खाली सरकत जाणारा एक पांढरा हात. माणूस दिसतच नाही.

हा चित्रपट डब्यात जाणार होता, हे खरं का?

हो. वितरक सी. एम. वुल्फ यांना तो मुळीच पसंत पडला नाही आणि चित्रपट बाजूला ठेवला गेला. निर्माता मायकेल बाल्कनचे पैसे त्यात अडकलेले, नायक म्हणून नोव्हेलोसारखा महागडा नट. बाल्कनने आयव्हर मॉन्टेग्यू या तरुणाला बोलावलं. (दोन आयव्हर झाले, गल्लत करू नका.) मॉन्टेग्यूने मधल्या पाट्या (मूकपटात संवाद आणि मजकूर दाखवणाऱ्या) छाटून ऐंशीच्या आसपास आणल्या आणि काही तुकडे पुन्हा चित्रित करायला सुचवले. मॅकनाइट कॉफर या चित्रकाराने पाट्यांची सजावट केली. सप्टेंबर १९२६मध्ये तो व्यवसायातल्या लोकांना आणि पत्रकारांना दाखवला गेला आणि वृत्तपत्रांनी तो डोक्यावर घेतला. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी लागला फेब्रुवारी १९२७मध्ये. दरम्यान डिसेंबरात हिचकॉकने आपली सहायक आल्मा रेव्हिल हिच्याशी लग्नही उरकलं.

नोव्हेलोमुळे गोष्टीचा शेवट बदलावा लागला का?

(चित्रपट पाहिला नसेल तर हे उत्तर आणि पुढचे दोन परिच्छेद सोडा.)

हो, हिचकॉकनेच नंतर हे सांगितलं. त्याला भाडेकरू रात्रीच्या अंधारात निघून जायला हवा होता, खुनी तोच होता की नाही याचा उलगडा न होता. पण नोव्हेलो तेव्हा बायकांचा लाडका नट, त्याला खुनी ठरवलं तर प्रेक्षक खवळतील. म्हणून भाडेकरू निर्दोष निघतो. त्याच्या बहिणीचा पहिला बळी गेलेला असतो आणि तो स्वतःच खुन्याच्या मागावर असतो.

लोक हे सांगताना नटाच्या लोकप्रियतेने दिग्दर्शकाची कलाकृती बिघडवली असा सूर लावतात. मला तसं वाटत नाही. तो निर्दोष आहे म्हणूनच शेवटचा पाठलाग काळजाला भिडतो. हातकड्या घातलेला भाडेकरू लोखंडी कुंपणावरून उडी मारायला जातो, हातकडी कुंपणाच्या टोकात अडकते आणि तो लोंबकळत राहतो. खाली जमाव त्याला मारायला धावलेला. नोव्हेलोचं डोकं एका बाजूला कललेलं, दोन्ही हात वर. क्रुसावरची आकृती आठवल्याशिवाय राहत नाही आणि हिचकॉकलाही तेच अभिप्रेत होतं. हा खरा खुनी असता तर या चित्राला काही अर्थच राहिला नसता.

आळ आलेला निर्दोष माणूस हा हिचकॉकचा पुढच्या पन्नास वर्षांचा विषय. तो विषय त्याला या नटाच्या अडचणीतून सापडला, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याच्या डोळ्यांभोवती एवढं काळं आणि चेहरा एवढा पांढरा का दिसतो? अभिनयही भडक वाटतो.

हा प्रश्न तरुण प्रेक्षक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. त्या काळात सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. कातडीतली तांबूस छटा आणि ओठ पडद्यावर काळपट उतरायचे, निळे डोळे फिकट पडायचे. म्हणून चेहऱ्याला फिकट रंग आणि डोळ्यांना गडद रेघ. शिवाय जुन्या खराब प्रतींमध्ये उजेड-अंधारातल्या मधल्या छटा निघून जातात आणि चेहरा खडूसारखा दिसतो. चुकीच्या वेगाने दाखवलं की हालचाली तुरुतुरु होतात, तो दोष नटाच्या माथी मारला जातो.

मीसुद्धा 'द लॉजर' पहिल्यांदा पाहिला तो अशाच एका धुरकट प्रतीत, कसलंतरी पियानो संगीत मागे लावलेलं. अर्ध्यात सोडून दिला होता. काही वर्षांनी दुरुस्त केलेली प्रत पाहिली आणि त्याच प्रसंगात नोव्हेलोच्या पापणीचं थरथरणं दिसलं. अभिनय तोच होता.

तरीही काही ठिकाणी तो अंगविक्षेप जास्त करतो, हे मान्य. शांत उभा राहतो तेव्हा त्याच्यासारखा तोच.

'डाउनहिल' पाहावा का?

नक्की पाहावा, 'द लॉजर' पाहून झाल्यावर. हाही १९२७चा, दिग्दर्शक हिचकॉकच, आणि मूळ नाटक पुन्हा नोव्हेलो आणि कोलियर यांचं. रॉडी हा श्रीमंत घरातला शाळकरी मुलगा मित्राचा आळ स्वतःवर घेतो, शाळेतून काढला जातो, बाप घराबाहेर काढतो आणि मग घसरण सुरू होते : लंडनचं थिएटर, पैसे उडवणारी बायको, पॅरिसचे नाचघर, शेवटी मार्सेचा गलिच्छ बंदरभाग.

चौतिशीतला नोव्हेलो शाळकरी पोरगा म्हणून पचत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण घरातून हाकलल्यावर तो भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावरून खाली जातो तो एक शॉट बघा. पाठमोरी आकृती लहान लहान होत जाते. हिचकॉकला नंतर ही कल्पना बाळबोध वाटली. मला ती अजून पटते, कारण जिना त्याला नेतोय, तो स्वतः पाऊलही उचलत नाही. आणि पहाटेच्या पॅरिसमधला प्रसंग, नाचघराचे पडदे उघडतात आणि कोवळ्या उन्हात सगळे चेहरे थकलेले, म्हातारे दिसतात. भाड्याने नाचणारा रॉडी तो उजेड पाहतो. त्या वेळी नोव्हेलोचं वय त्याच्या बाजूने काम करतं.

बोलपट आल्यावर त्याचं काय झालं? आवाज चांगला नव्हता का?

आवाज उत्तम होता. तो तोवर रंगभूमीवर मुरलेला नट होता. आवाजापायी बुडालेल्या मूकपट-नटांच्या यादीत त्याला घालणं चूक आहे. १९३०मध्ये त्याने स्वतःच्या नाटकावरून 'सिम्फनी इन टू फ्लॅट्स' हा बोलपट केला, मग हॉलिवूडला एमजीएम या चित्रपट कंपनीकडे गेला. तिथे नट म्हणून हाती काही लागेना. रूथ चॅटर्टन या नटीबरोबर दुसऱ्या एका कंपनीसाठी एक चित्रपट केला, बाकी काम लेखनाचं. परत आल्यावर १९३२मध्ये 'द लॉजर'चीच बोलती आवृत्ती केली, दिग्दर्शक मॉरिस एल्व्ही. मूळ चित्रपटाची सर तिला नाही. १९३४चा 'ऑटम क्रोकस' हा त्याचा शेवटचा चित्रपट.

मला वाटतं, बोलायला लागल्यावर त्याच्या चेहऱ्यातलं गूढ कमी झालं. तो हसरा, गप्पिष्ट, खेळकर माणूस होता आणि बोलताना तसाच वाटायचा.

टारझनचे संवाद त्याने लिहिले, ही थाप आहे का?

थाप नाही. १९३२च्या 'टारझन द एप मॅन'च्या श्रेयनामावलीत संवादलेखक म्हणून त्याचं नाव आहे. 'मी टारझन, तू जेन' हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य मात्र त्या चित्रपटात त्या रूपात नाही. छातीवर आणि समोरच्यावर बोट ठेवत नावं उच्चारण्याचा प्रसंग आहे, तेवढाच.

सिनेमा का सोडला?

रंगभूमीवर त्याला हवं ते सगळं स्वतःच्या हातात मिळत होतं : लेखन, संगीत, प्रमुख भूमिका. १९३५मध्ये ड्रुरी लेन थिएटरला 'ग्लॅमरस नाइट' आलं आणि पुढे 'द डान्सिंग इयर्स', 'परचान्स टु ड्रीम', 'किंग्ज रॅप्सडी' अशी रांग लागली. गंमत म्हणजे आपल्याच संगीतिकांत तो बहुधा गायचा नाही. शाळेत फुटलेला आवाज परत आलाच नाही. गाणी इतरांना, बोलणं याच्याकडे.

तो तुरुंगात गेला होता का?

हो, १९४४मध्ये. युद्धामुळे खासगी गाड्यांना पेट्रोल बंद होतं. शनिवार-रविवारी बर्कशरमधल्या आपल्या घरी जायला त्याला गाडी हवी होती आणि परवाना नाकारला गेला. एका चाहतीने ती ज्या कंपनीत काम करायची तिच्या नावावर गाडी घेऊन परवाना मिळवला. प्रकरण उघडकीला आलं. आठ आठवड्यांची शिक्षा झाली, अपिलात चार झाली आणि तेवढी त्याने वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात भोगली. चूक त्याचीच होती, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण तो आतून मोडला, हेही खरं. सुटल्यावर 'द डान्सिंग इयर्स'मध्ये पुन्हा रंगमंचावर आला तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्याला परत घेतलं.

त्याचं लग्न झालं होतं का?

नाही. बॉबी अँड्र्यूज हा नट जवळपास पस्तीस वर्षं त्याचा जोडीदार होता. मित्रपरिवाराला हे माहीत होतं. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध १९६७पर्यंत गुन्हा होते, त्यामुळे वृत्तपत्रांत कधी अवाक्षर आलं नाही. पडद्यावर लाखो बायकांचा प्रियकर आणि घरी हे जपून ठेवलेलं आयुष्य. 'द लॉजर'मधल्या भाडेकरूकडे सगळे संशयाने बघतात आणि तो काहीतरी लपवत असतो, ते पाहताना आज ही गोष्ट आठवतेच. तो मुद्दाम तसं करत होता असा दावा मी करणार नाही. पण लपवणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मृत्यू कसा झाला?

५ मार्च १९५१च्या रात्री 'किंग्ज रॅप्सडी'चा प्रयोग करून तो घरी आला. घर म्हणजे लंडनच्या ऑल्डविच भागात स्ट्रँड थिएटरच्या वरचा फ्लॅट, १९१३पासून तो तिथेच राहत होता. काही तासांतच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. गोल्डर्स ग्रीनला अंत्यसंस्कार झाले. त्याच्या 'वुइल गॅदर लायलॅक्स' या गाण्याने युद्ध संपताना ब्रिटन हळवं झालं होतं. त्याची रक्षा गोल्डर्स ग्रीनलाच एका लायलॅकच्या, म्हणजे त्या गाण्यातल्याच फुलांच्या, झुडपाखाली आहे. स्ट्रँड थिएटरचं नाव २००५मध्ये नोव्हेलो थिएटर झालं.

आयव्हर नोव्हेलो पुरस्काराचा सिनेमाशी संबंध आहे का?

थेट नाही. तो गीतलेखन आणि संगीतरचनेसाठी ब्रिटनमध्ये दिला जातो, १९५०च्या दशकाच्या मध्यापासून. गायकांना गाण्यासाठी मिळत नाही, रचणाऱ्यांना मिळतो. नोव्हेलोचं नाव या पुरस्कारामुळेच टिकलं, याबद्दल ऋणी राहायला हवं.

एखाद्या चित्रपटात त्याची भूमिका कुणी केली आहे का?

रॉबर्ट ऑल्टमनच्या २००१च्या 'गॉसफर्ड पार्क'मध्ये जेरेमी नॉर्दमने. १९३२ सालच्या एका बड्या घरातल्या मेजवानीत तो पाहुणा म्हणून येतो आणि पियानोवर गातो. बडे लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करून पत्ते खेळतात आणि नोकर-चाकर दारांआड अंधारात उभे राहून ऐकतात. त्याचे प्रेक्षक नेमके कोण होते, हे त्या एका प्रसंगात आलंय.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी त्याचा काही धागा जुळतो का?

जुळतो, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉकचे नऊ मूकपट दुरुस्त केले, त्यातलं 'द लॉजर'चं काम २०१२मध्ये लोकांसमोर आलं. मूळ निगेटिव्ह शिल्लक नव्हती, नायट्रेट या जुन्या प्रकारच्या फिल्मवरल्या प्रतींवरून फ्रेमन् फ्रेम साफ करावी लागली, घरातल्या प्रसंगांचा पिवळसर आणि रात्रीच्या धुक्याचा निळा रंग परत आणला गेला. या कामाला पैसे देणाऱ्यांत शिवेंद्रसिंह डुंगरपूर होते, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी. पुण्यातलंच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट त्यांनी केला आणि २०१४मध्ये मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन स्थापन केलं. आपले स्वतःचे बहुतेक मूकपट जळून, कुजून, फिल्ममधल्या चांदीसाठी वितळवून नाहीसे झाले. ते दुःख माहीत असलेल्या माणसाने लंडनच्या धुक्यातला हा चेहरा वाचवायला हातभार लावला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुरुस्त प्रतीला नवं संगीत दिलं नितीन साहनी यांनी, भारतीय वंशाचे ब्रिटिश संगीतकार. लंडनच्या बार्बिकन सभागृहात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ते चित्रपटाबरोबर प्रत्यक्ष वाजवलं. पुढे २०१७मध्ये साहनींना जीवनगौरव मिळाला, तो आयव्हर नोव्हेलो पुरस्कारच.

सुरुवात कुठून करू?

'द लॉजर', दुरुस्त केलेली प्रत, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर आणि खोलीत अंधार करून. इंटरनेटवर पहिली सापडेल ती प्रत लावू नका. रंग नसेल, म्हणजे सगळं नुसतं करडं दिसत असेल, तर ती जुनी प्रत समजा आणि दुसरी शोधा. साहनींचं संगीत काहींना ठिकठिकाणी खटकतं, मध्ये चक्क गाणी येतात. तिथे आवाज बंद केलात तरी चालेल. मग 'डाउनहिल', मग 'द रॅट'.

पहिल्या काही मिनिटांत नोव्हेलो दिसणार नाही. किंचाळणारी बाई, गर्दी, छापखान्यातून निघणारी वर्तमानपत्रं, असं बरंच चालेल. दिवा मंद होईपर्यंत थांबा. मग दार वाजेल.